रोटांची पंगत

आमचं लग्न ठरत होतं तेव्हा माझ्या सासऱ्यांनी वडिलांना एक गोष्ट आवर्जून सांगितली होती, "आमच्याकडे दोन्ही वेळ पोळी असते." वडील रावेरकडचे, केळीचे शेतकरी. घरात खाण्यापिण्याची ददात नव्हती, पण पोळी सणाला नाहीतर पाहुण्याला. रोज भाकरी. कधी ज्वारीची, कधी ज्वारीत उडीद घालून दळलेल्या कळण्याची. धुळ्याचं स्थळ, सरकारी नोकरीतला मुलगा, पक्कं घर आणि वर दोन्ही वेळ पोळी! वडिलांनी घरी येऊन आईला हे सांगितलं तेव्हा मुलगी सुखात पडली याचं समाधान त्यांच्या तोंडावर मावत नव्हतं. पुढे त्या पोळीनेच माझं वाटोळं केलं, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

ही ऐंशीच्या दशकातली, मधल्या वर्षांतली गोष्ट. लग्नानंतर दोन-तीन महिन्यांतच माझं पोट बिघडलं आणि बिघडलेलंच राहिलं. तसं लहानपणापासून माझं पोट नाजूक म्हणून नावाजलेलं होतंच. दिवाळीत, लग्नसराईत हमखास बिघडायचं. आई म्हणायची, गोडधोड सोसत नाही हिला. पण धुळ्याला आल्यावर रोजचीच दिवाळी सुरू झाली. सासरच्या घरात संडास एकच, अंगणाच्या टोकाला, पत्र्याच्या दाराचा. ते दार असं वाजायचं की कोण आत गेलं आणि कितव्यांदा गेलं, हे ओसरीवर पेपर वाचणाऱ्या सासऱ्यांनाही कळायचं. नवी सून मी. डोक्यावर पदर घेऊन, हातात टमरेल घेऊन, त्यांच्यासमोरून दिवसातून किती वेळा जायचं? मी थांबवून धरायचे. मग थांबवणं हाताबाहेर जायचं. त्यानंतर काय व्हायचं ते मी इथेही लिहिणार नाही.

आजारी माणसाला हलकं खायला द्यायचं, ही तर जगाची रीत. सासूबाईंनी ती मनापासून पाळली. टोस्ट दिले, दुधात बिस्किटं कुस्करून दिली, गव्हाची लापशी दिली, रव्याची पेज दिली. त्या माउलीने माझ्यासाठी चुलीपुढे जीव आटवला, आणि मी जितकी खंगत गेले तितकं हे 'हलकं' वाढत गेलं. एका वैद्यांनी संग्रहणी म्हणून ताकावर ठेवलं. एका डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. तिसऱ्यांनी टीबीची शंका काढली, तेव्हा काही दिवस माझा कप आणि ताट वेगळं झालं. तो कप मी स्वतःच धुऊन वेगळ्या खिळ्याला अडकवायचे. कोणी सांगायच्या आत आपणच केलेलं बरं, म्हणून.

मूलही होत नव्हतं. एका हळदीकुंकवाला मी वाण घेऊन उठत होते, तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "जिच्या पोटात अन्न ठरत नाही, तिच्या पोटात मूल काय ठरणार?" मी मागे वळून पाहिलं नाही. बोलणारीचं तोंड दिसलं असतं तर पुढच्या हळदीकुंकवाला तिच्यासमोर बसावं लागलं असतं.

शेवटी नवऱ्याने रजा काढून मला मुंबईला मोठ्या दवाखान्यात नेलं. घशातून नळी घालून आतड्याचा बारीकसा तुकडा तपासायला काढला. काही दिवसांनी एका तरुण डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, गहू बंद. रवा, मैदा, सातू, सगळं बंद. कायमचं. मला आधी हसूच आलं. मी विचारलं, "पोळी नाही, पण तळलेली पुरी चालेल ना?" नवऱ्याने खाली मान घातली. डॉक्टर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "एक चिमूटसुद्धा नाही. आतडं पार झिजलंय. ते भरून आलं तर बाकीचं सगळं होईल, मूलसुद्धा होईल. पण मध्ये चिमूटभर जरी गेलं तरी पुन्हा पहिल्यापासून." मग खायचं काय, तर ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका. म्हणजे मुंबईच्या डॉक्टरांनी मला माहेरची भाकरी लिहून दिली.

सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "गहू खाईसन कोणी आजारी पडस का? गहू भेटस नही म्हनीसन लोके आजारी पडतस." त्यांचंही चुकलं नव्हतं. दुष्काळात त्यांनी लाल ज्वारी खाऊन दिवस काढले होते. गहू घरात येणं म्हणजे घर वर येणं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

भाकरी सुरू केली आणि महिनाभरात माझ्या अंगात जीव आला. पण त्याची लाज काय सांगू! पोळीच्या घरात मी एकटी भाकरी थापायची. पाहुणे आले की सासरे अस्वस्थ व्हायचे. लोक म्हणतील, स्वतः पोळ्या खातात आणि सुनेला भाकरी घालतात. मग असं ठरलं की पाहुणे असले की मी मागून, आत बसून जेवायचं. ठरलं म्हणजे कोणी बोललं नाही. मीच एकदा मागे राहिले आणि सगळ्यांना हायसं वाटलं. वडील भेटायला आले तेव्हाही मी मागूनच जेवले. त्यांना संशय आलाच. आत येऊन माझ्या ताटात डोकावले आणि म्हणाले, "आपल्याकडं त तू भाकरीवरच वाढली व. मग इथं दिली कशाले?" मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय. त्यांचा विश्वास बसला नाही. सासरचे लेकीला हलकं वागवतात आणि लेक पांघरूण घालते, असंच ते मनात धरून गेले.

एवढं करूनही पोट मधूनमधून बिघडतच होतं. पुन्हा मुंबईला गेलो. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "ज्वारी दळता कुठे?"

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चक्की होती. चक्कीवर दळणाचा क्रम ठरलेला असतो, कुठल्याही बाईला विचारा. आधी गहू, मग ज्वारी, मग बाजरी. बाजरीवर गहू दळला की पोळी काळी पडते, म्हणून बायका चक्कीवाल्याशी भांडतात. पण गव्हावर ज्वारी दळली म्हणून आजवर कोण भांडलं होतं? उलट पांढऱ्या दळणावर आलं म्हणून ज्वारीवाली खूश. माझ्या ज्वारीच्या प्रत्येक डब्यात आधीच्या घराचा मूठ-दोन मुठी गहू उतरत होता आणि तो मी निष्ठेने खात होते.

आता मला ज्वारीवर ज्वारी दळून हवी होती. तीही दोन-तीन जणींची ज्वारी होऊन गेल्यावर. आमच्या गल्लीत सगळी पोळीवाली घरं. ज्वारीची दळणं यायची ती संध्याकाळी, कामावरून परतणाऱ्या मजूर बायकांची, फडक्यात बांधलेली. मी डबा घेऊन कोपऱ्यात उभी राहायचे. गव्हाचे डबे पुढे सरकत राहायचे. "तुमचा नंबर आला ना," चक्कीवाला म्हणायचा. "नाही, होऊ दे त्यांचं," मी म्हणायचे. एखादी मजूर बाई आली की मी इतकी खूश व्हायचे की ती दचकायची. मला पाहून बिचारी मागे व्हायची, "बाई, तुमचं घ्या आधी." मी म्हणायचे, नाही नाही, तुमचं आधी. तिला वाटायचं, मी थट्टा करतेय. जिच्या घरी गहू परवडत नाही तिच्या पिठाची वाट पाहत पोळीच्या घरची सून ताटकळत उभी आहे, हे तिला कसं कळावं? मला स्वतःलाच ते सहन होत नव्हतं.

घरात मी तवा वेगळा केला, परात वेगळी केली. फडकं वेगळं, डबा वेगळा. त्याला कोणी हात लावला की मी ओरडायचे. भाकरीच्या तव्यावर कोणीतरी पोळी गरम करून घेतली आणि मी तो तवा अंगणात नेऊन राखेने घासत बसले. हे शेजारच्या बाईंनी पाहिलं. चक्कीवरचंही त्या पाहत होत्याच. एकदा त्यांचा गहू नुकताच दळून झाला आणि मी माझा डबा मागे ओढला, तेव्हा त्यांचा बांध फुटला. सगळ्या बायकांसमोर त्या म्हणाल्या, "आमना गहूना इटाळ व्हस का तुनी जवारीले?"

चक्कीचा पट्टा फटफटत होता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. मला तेव्हा उमगलं की गल्ली माझ्याकडे काय म्हणून पाहत होती. वेगळा तवा, वेगळी परात, दुसऱ्याचं पीठ लागू द्यायचं नाही. आपल्याकडे हे कोण करतं आणि कशासाठी करतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी सोवळ्याचा तोरा मिरवते, असं त्यांना वाटत होतं. खरं कारण सांगायचं तर चक्कीवर, बायकांच्या घोळक्यात, संडासाची गोष्ट काढावी लागली असती. शिवाशिव की संडास, यातलं एक निवडायचं होतं. मी गप्प बसले. भाकरी खाणाऱ्याला कमी लेखणाऱ्या त्या गल्लीत मी भाकरी खाऊन गर्विष्ठ ठरले.

त्याच उन्हाळ्यात जळगावला एका नातेवाइकांच्या वास्तुशांतीला गेलो होतो. सत्यनारायणाचा शिरा हातावर आला. बायका पाहत होत्या. प्रसादाला नाही कसं म्हणायचं? म्हटलं, चमचाभर तर आहे, खाल्ला. दुसऱ्या दिवशी परतताना एसटीत पोटात कळ आली. नवऱ्याने कंडक्टरच्या कानात सांगितलं. कंडक्टरने घंटी ओढली आणि एरंडोलच्या अलीकडे, जिथे आडोशाला झुडूपही नव्हतं, तिथे भरलेली बस माझ्यासाठी थांबली. परत चढताना मी कोणाच्याही तोंडाकडे पाहिलं नाही. पुढचे पंधरा दिवस अंथरुणात गेले आणि भरून आलेलं अंग पुन्हा उतरलं.

आणि श्रावण आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. खानदेशात हा सण काय असतो ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. सासरचं घर भाऊबंदांत थोरलं, त्यामुळे देवी आमच्याकडे. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने मूठ-मूठ गहू मोजायचे, ते दळून त्यांचे रोट करायचे. बायकांच्या नावाने मूठ नसते. बायकांनी निवडायचं, दळायचं, भाजायचं. सोमवारी सकाळी देवीला वाजतगाजत पांझरा नदीवर पोचवून आलं की सगळे भाऊबंद एका पंगतीला बसतात आणि रोट खातात. हा रोट घराबाहेर जात नाही. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही, जावयाला नाही. जो खातो तो घरचा, आणि जो घरचा त्याने खायचाच. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात मला रोट वाढताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "आते तू आमनी व्हयनी." लग्नातल्या सप्तपदीपेक्षा मला ते वाक्य जास्त खरं वाटलं होतं.

या वर्षी काय करायचं? आठवडाभर माझ्या डोक्यात दुसरा विचार नव्हता. इकडे आड, तिकडे विहीर. खावा तर आतडं, आणि त्याच्याबरोबर डॉक्टरांनी दाखवलेली मुलाची आशा. न खावा तर सगळ्या भाऊबंदांसमोर मी परकी. मूलबाळ नाही, आजारी, भाकरी खाणारी, स्वतःचा तवा जपणारी सून; तिला घरची म्हणायला उरलं होतं काय? एक रोट तेवढा उरला होता. नवरा म्हणाला, "नको खाऊ. मी सांगतो सगळ्यांना." मी त्याला शपथ घातली. तो काय सांगणार होता? एरंडोलची बस?

सोमवारी पांझरेवरून आलो. पंगत मांडली. मी ठरवलं होतं, एक घास खायचा. बाकीचा पदराआड सरकवून नंतर गाईला द्यायचा. मी माझ्या जागेवर जाऊन बसले. समोर माझ्या चुलत सासूबाई होत्या, भाऊबंदांतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या. त्यांच्या कानावर चक्कीवरची गोष्ट गेली होती. माझ्याकडे पाहत त्या मोठ्याने म्हणाल्या, "हाई खाई का आज? का आमना रोटनाबी इटाळ व्हयी?" कोणी हसलं नाही. मग त्याच म्हणाल्या, "जी कानबाईना रोट खास नही, ती आपला घरनी कशी?"

सासूबाई रोटांची परात घेऊन वाढत येत होत्या. माझ्यापाशी थांबल्या. मी ताट पुढे केलं. त्यांनी रोट वाढला नाही. खाली वाकून माझं ताटच उचललं आणि म्हणाल्या, "ऊठ. तुले चालस नही. तठे ओसरीवर बस."

एवढ्या पुरुषांसमोरून, दीर, सासरे, चुलत सासरे, सगळ्यांच्या पाटांमधून मी उठून गेले. आज वाटतं, माझं आतडं वाचवण्याचा त्या बाईला तेवढा एकच मार्ग सापडला असेल. तेव्हा मात्र मला एवढंच कळलं की ज्यांनी मला घरची केलं त्यांनीच मला पंगतीतून उठवलं. धरणी दुभंगावी, असं पुस्तकात वाचलं होतं. त्या दिवशी ओसरीच्या पायरीवर मला ते खरोखर हवं होतं.

ओसरीवर माझी नणंद बसली होती. शिरपूरला दिलेली, पंचमीसाठी माहेरी आलेली. तिच्यापुढे दोन ताटं होती. माझ्या तव्यावर तिने ज्वारीच्या भाकरी टाकल्या होत्या, माझ्याच डब्यातल्या पिठाच्या, आणि सोबत गिलक्याची भाजी. "ये वहिनी, बस," ती म्हणाली, "भाकर गरम शे."

मी बसले आणि मला रडू फुटलं. पदर तोंडात कोंबला तरी आवाज येत होता. आत पंगत चालू होती.

"रडस कसाले?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "सगळ्यांसमोर उठवलं गं मला. मी आता या घरची नाही राहिले."

ती भाकरी मोडत होती. मोडता मोडताच, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुले पोटनी उठाडं, वहिनी. माले लगीननी."

मला एकदम समजलं नाही. मग समजलं. लग्न झालेल्या लेकीला आमच्याकडे रोट देत नाहीत. ती दुसऱ्या घरची झालेली असते. ही चाल मला माहीत होती; माझ्या माहेरीही तीच होती. माझ्या पहिल्या श्रावणात मी कौतुकाने रोट खात होते, तेव्हा त्या पंगतीला पाणी वाढत होती ती हीच. नुकतंच लग्न होऊन पहिल्यांदा माहेरपणाला आलेली. माझ्या पेल्यात तिने दोनदा पाणी घातलं होतं. तिला भूक लागली असेल का, तिचं ताट कुठे मांडलंय, हे मला विचारावंसं वाटलं नव्हतं. कोणालाच वाटलं नव्हतं.

सासूबाई परात घेऊन ओसरीच्या दारापर्यंत आल्या होत्या. आम्ही दोघी जेवतोय का, ते पाहायला आल्या असतील. लेकीचं बोलणं त्यांनी ऐकलं. परातीत अजून बरेच रोट होते. त्या लेकीकडे पाहत उभ्या राहिल्या, आणि त्यांचा हात परातीकडे गेला. मी ते पाहिलं. मग तो हात तसाच मागे आला.

"वाढ ना माय," नणंद म्हणाली, "भाऊ पंगतमा बठेल शेतस."

त्या आत गेल्या. नणंदेने अर्धी भाकरी माझ्या ताटात ठेवली, अर्धी स्वतः घेतली आणि जेवायला लागली. मी तिच्या तोंडाकडे पाहू शकले नाही. आठवडाभर मी ज्या घरातल्या जागेसाठी जीव टाकत होते, त्या घरात मी लग्न होऊन आले होते. ती तिथे जन्मली होती.